तिन्ही ऋतूंना एकच जॅकेट? आधी एप्रिलची दुपार डोळ्यांसमोर आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिंचवडहून रोज चाकणला विसेक किलोमीटर जाणं-येणं, महिन्यातून एकदा गावी चिपळूणला, मोटारसायकल 160 सीसी, रायडिंग जॅकेटचं बजेट 9 हजार. दुकानदार म्हणतो, "मेश म्हणजे जाळीचं घेऊ नका, ऑल-सीझन घ्या. आत पावसाचं आणि थंडीचं अशी दोन्ही अस्तरं येतात, बारा महिन्यांची कटकट मिटते." ते घ्यावं का?

दुकानदार खोटं बोलत नाही. तो फक्त जॅकेट विकतोय आणि तुम्हाला ते घालायचंय. त्यामुळे प्रश्न मी जरा फिरवून विचारतो. एप्रिलमधला सोमवार. दुपारी साडेतीनला शिफ्ट सुटली. चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या मागे पंधरा मिनिटं अडकलात. त्या वेळी हे जॅकेट तुमच्या अंगावर असेल की कंपनीच्या लॉकरमध्ये? याचं खरं उत्तर स्वतःला दिलंत की अर्धी निवड तिथेच होते.

मी कोल्हापुरात रायडिंग गिअर दुरुस्त करतो. जॅकेटची चेन (झिप) बदलणं, उसवलेली शिवण मारणं, पडल्यावर फाटलेलं जॅकेट पुन्हा घालण्यालायक आहे की नाही ते सांगणं, हा 12 वर्षांचा धंदा. त्याआधी मी स्वतः तुमच्यासारखाच फसलो होतो. पहिलं चांगलं जॅकेट घेतलं ते 16 हजारांचं, जाड कापडाचं, आत पाणी न शिरणारा पडदा कायमचा शिवलेला. डिसेंबरात गगनबावड्याला घालून गेलो, राजासारखं वाटलं. मार्चपासून ते खुंटीवर गेलं. एप्रिलमध्ये टी-शर्टवर मार्केट यार्डात निघालो होतो, चार किलोमीटर. कुत्रं आडवं आलं. डाव्या कोपराला सात टाके पडले. खुंटीवरचं जॅकेट आजही कोरं करकरीत आहे.

तेव्हापासून गिऱ्हाइकाला मी एकच सांगतो: जॅकेट सर्वांत उकाड्याच्या दिवसासाठी घ्या, पाऊस आणि थंडी वरून लावा. थंडी वाजली तर आत एक थर वाढवता येतो. पाऊस आला तर वर एक थर चढवता येतो. पण कापड मुळातच गरम असेल, तर त्यातून उकाडा काढायला कुठलीच सोय नाही. चेनवाल्या दोन खिडक्या छातीवर दिलेल्या असतात, त्या उघडूनही फारसं काही होत नाही, कारण आत आलेली हवा बाहेर जायला पाठीवर तेवढीच मोठी वाट लागते. ती बऱ्याच जॅकेटांत नसते. असली तर तुमच्या सॅकखाली दबलेली असते.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर मेश. पण हे तुमच्या रस्त्यावर अवलंबून आहे, हेही सांगतो. हाच प्रश्न नागपूर किंवा चंद्रपूरवाल्याने विचारला असता तर मी थोडं थांबलो असतो. आपल्या कातडीचं तापमान 35 अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गार असेल तोवर वारा अंगातली उष्णता काढून नेतो. हवा 44-45 अंशांवर गेली की वारा उष्णता आणून अंगावर ओततो, भट्टीसमोर पंखा लावल्यासारखा. घाम लागलीच उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम येतोय हे कळतसुद्धा नाही, आणि दोन तासांत डोकं दुखायला लागतं. तिकडचे जाणते रायडर आतला सुती टी-शर्ट ओला करतात, मेशवर पातळ वाराबंद जॅकेट घालतात, गळा आणि मनगट थोडं उघडं ठेवतात. हवा कमी पण सतत फिरते, ओला कपडा तासभर गार राहतो, नंतर पेट्रोल पंपावर पुन्हा भिजवायचा. कोरड्या हवेत ही युक्ती अफलातून चालते. चिपळूणला मे महिन्यात करून बघा, ओला टी-शर्ट ओलाच राहील आणि तुम्ही उकडलेल्या अंड्यासारखे व्हाल. दमट हवेत पाणी उडत नाही, तिथे अंगावरून भरपूर वारा जाणं हाच उपाय. तुमचा रस्ता चाकण आणि कोकण, म्हणजे मेशच.

आता मेशमध्ये आपण काय गमावतो ते बघू, कारण फुकट काही मिळत नाही. पडून आलेली जॅकेटं माझ्या टेबलावर येतात तेव्हा ती जवळजवळ नेहमी त्याच जागी गेलेली असतात: कोपर, कोपरापासून मनगटापर्यंतची बाहेरची बाजू, खांद्याचा उंचवटा, आणि कमरेच्या बाजूची खालची किनार. छाती आणि पाठीचा मधला भाग क्वचितच घासतो. म्हणून चांगल्या मेश जॅकेटात छाती, पोट, बाहीची आतली बाजू जाळीची असते आणि या घासणाऱ्या जागी भरीव जाड कापड असतं. स्वस्त जॅकेटात जाड कापडाचा तुकडा कोपरावर असतो आणि चार बोटं खाली संपतो, पुढे मनगटापर्यंत जाळी. दुकानात बाही हातात घेऊन बाहेरच्या कडेने बोट फिरवत मनगटापर्यंत या. मध्ये जाळी लागली तर ठेवून द्या. आणि जाळी व भरीव कापड जिथे जोडलंय ती शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा. दोरा दिसायला लागला, भोकं मोठी झाली, तर रस्त्यावर ती शिवणच आधी उसवणार. मला फाटलेल्या कापडापेक्षा उसवलेल्या शिवणीच जास्त बघायला मिळतात.

'600 डेनिअर' असं टॅगवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, त्याने फार भुलू नका. डेनिअर म्हणजे 9,000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. तो आकडा धागा किती जाड हे सांगतो, किती चिवट हे नाही. 500 डेनिअरचं चांगलं नायलॉन 600 डेनिअरच्या साध्या पॉलिस्टरपेक्षा घासायला जास्त टिकतं.

टॅगवरची दुसरी गंमत म्हणजे 'सीई', ही युरोपीय मानकाची खूण. जॅकेटवर सीई लिहिलंय म्हणजे अख्खं जॅकेट तपासलेलं आहे असं नव्हे. बहुतेक वेळा आतल्या आर्मरच्या, म्हणजे खांदा-कोपरावर मार झेलणाऱ्या, चकत्या तेवढ्या तपासलेल्या असतात. अख्ख्या कपड्यासाठीचं युरोपीय मानक ईएन 17092, त्यात एएए, एए, ए असे उतरत्या क्रमाने वर्ग आहेत. बी म्हणजे घासण्यापासून संरक्षण आहे पण आर्मर नाही, आणि सी म्हणजे फक्त आर्मर जागेवर धरून ठेवणारा, घासण्याशी संबंध नसलेला कपडा. मेशमध्ये ए मिळालं तरी रोजच्या वापराला ठीक, एए मिळालं तर उत्तम. आपल्याकडे हेल्मेटला आयएसआय सक्तीचं आहे, जॅकेटला तशी सक्ती नाही, त्यामुळे ही अक्षरं शोधायची जबाबदारी आपलीच.

आर्मर बाहेर काढून बघायला लाजू नका, खिशातून सरळ निघतं. त्यावर ईएन 1621-1 आणि 1 किंवा 2 असा आकडा ठसलेला हवा. चाचणीत ठरावीक जोराचा ठोका मारतात आणि पलीकडे सरासरी किती जोर पोचतो ते मोजतात: लेव्हल 1 ला 35 किलोन्यूटनपर्यंत चालतो, लेव्हल 2 ला 20 पर्यंत. 'टी+' असं लिहिलेलं असेल तर ते 40 अंशांतही तपासलंय. आपल्याकडे पार्किंगमध्ये उन्हात तापलेल्या जॅकेटचा विचार करता हे महत्त्वाचं, कारण मऊ प्रकारचं आर्मर तापल्यावर आणखी मऊ होतं. पाठीच्या खिशात मात्र पुष्कळ जॅकेटांत नुसता फोम असतो, चपलेच्या सोलएवढा. दाबून बघा, बोट आरपार लागेल. तो जागा धरण्यासाठी असतो. पाठीचं मानक वेगळं आहे, ईएन 1621-2, आणि लेव्हल 2 चं पाठीचं आर्मर स्वतंत्र विकत मिळतं. ते घेताना खिशाचा आकार कागदावर छापून न्या, नाहीतर परत फेरी.

पाऊस. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या दुकानदाराचं 'आतलं अस्तर' मला इथेच पटत नाही.

आतल्या अस्तराचा हिशेब असा. चिपळूणच्या वाटेवर कुंभार्ली घाटात पाऊस सुरू झाला. तुम्ही कडेला थांबणार, सॅकमधून अस्तर काढणार, जॅकेट उतरवणार, भर पावसात ते अस्तर चेनने आणि बाहीतल्या बटणांनी जोडणार. तोवर आतला शर्ट भिजलाच. मग पुन्हा निघालात. आत पाणी येत नाही हे खरं, पण बाहेरचं जॅकेट स्पंजासारखं पाणी पितं. दीड-दोन किलोने जड होतं, आणि त्या ओल्या कापडावरून वारा गेला की गार पडतं. शिवाय बाहेरच्या खिशातला मोबाइल आणि पाकीट अस्तराच्या बाहेर राहतात, म्हणजे ती भिजतात. चिपळूणला पोचल्यावर ते ओलं ओझं कुठे वाळवणार? जुलैत कोकणात रुमाल वाळायला दोन दिवस लागतात. सोमवारी सकाळी तेच ओलं जॅकेट घालून परत. तिसऱ्या आठवड्यात त्याला बुरशीचा वास येतो, आणि मग ते माझ्याकडे येतं, "काका, वास जाईल का?" जात नाही.

'श्वास घेणारं कापड' हे पावसाळ्यात कोकणात फारसं कामाचं नाही, हेही सांगून टाकतो. तो महागडा पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो, पण त्यासाठी आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा पुरेशी दमट लागते. युरोपात गारठ्यात तो फरक असतो. चिपळुणात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलैत बाहेरची हवाच भिजलेली असते. वाफ जाणार कुठे? म्हणून 25 हजारांचं पडद्याचं जॅकेट घेऊनही आतून घामाने ओलेच व्हाल. लडाखला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ते पैसे वसूल होतात.

त्यापेक्षा मेशवर मावेल असं मोठ्या मापाचं रेन जॅकेट घ्या, शिवणींवर आतून टेप मारलेलं. घाट सुरू व्हायच्या आधी, कोरडे असतानाच, हेळवाक किंवा कोयनानगरच्या टपरीवर चहा घेता घेता चढवायचं. 'येईल तेव्हा घालू' हा विचार घाटात चालत नाही. आतलं जॅकेट कोरडं, खिसे कोरडे, आणि पोचल्यावर रेन जॅकेट दोन झटके मारून ओट्यावर टांगलं की अर्ध्या तासात निथळतं. पाणी कापडातून क्वचित येतं, ते येतं गळ्यातून, मनगटातून आणि समोरच्या चेनमधून. चेनवर दुहेरी पट्टी आहे का बघा. बाही ग्लोव्हच्या वरून घ्या, आतून नाही, नाहीतर हातावरून ओघळलेलं सगळं पाणी ग्लोव्हमध्ये जमा होतं. आणि रंग कृपा करून काळा नको. कुंभार्लीतल्या धुक्यात समोरच्या एसटीवाल्याला तुम्ही दिसायला हवेत. पोपटी, नारिंगी, जो भडक मिळेल तो घ्या, बायको हसली तरी चालेल.

थंडीचं फार लिहीत नाही, कारण तुमच्या रस्त्याला ती दीड-दोन महिने आणि तीही पहाटेचीच. फक्त वाऱ्याचा हिशेब लक्षात ठेवा: हवा 10 अंश असेल आणि तुम्ही ताशी 80 ने जात असाल, तर अंगाला ती साडेचार अंशांसारखी लागते. मेशच्या आत उबदार अस्तर लावून उपयोग नाही, वारा जाळीतून थेट त्यात शिरतो आणि ऊब घेऊन जातो. आत एक पातळ लोकरी किंवा फ्लीसचा थर, आणि वाऱ्याला अडवायला वरून तेच रेन जॅकेट. पावसाळ्यात घेतलेल्या वस्तूचं दुसरं काम निघालं. मफलरची टोकं मोकळी सोडू नका, गाडीच्या चेनमध्ये अडकली तर गळ्याशी येईल. गळ्याला नळीसारखा कापडी बँड बरा. आणि पहिल्या शिफ्टला निघायला उशीर झाला, काहीच सापडेना, तर छातीवर घडी घालून वर्तमानपत्र. आमचे वडील राजदूतवर हेच करत होते, अजूनही चालतं.

मापाबद्दल मात्र घाई करू नका. सगळं बरोबर घेऊन माप चुकलं तर आर्मर ऐन वेळी कोपरावर नसतंच, ते बाजूला फिरलेलं असतं. लोक आत स्वेटर मावावा म्हणून एक माप मोठं घेतात आणि वर्षातले दहा महिने सैल जॅकेट फडफडवत फिरतात. कापड चामड्यासारखं अंगाला बसत नाही. आज सैल आहे ते कायम सैल. घालून बघताना गाडीवर बसल्यासारखे हात पुढे करा, मग दुसऱ्या हाताने कोपरावरची चकती पकडून फिरवायचा प्रयत्न करा. ती आतल्या बाजूला सरकली तर माप मोठं आहे किंवा दंडावरचा पट्टा ओढायला हवा. हात पुढे केल्यावर बाही मनगटाच्या हाडापर्यंत राहायला हवी, मागची किनार कमरेवरून वर सरकून पाठ उघडी पडायला नको, आणि गळ्यात दोन बोटं जायला हवीत. हेल्मेट घालून मान मागे करून बघा, कॉलर हेल्मेटला अडत असेल तर दीड तासाने मानेत कळ येईल. हे ऑनलाइन कळत नाही. ऑनलाइनच घ्यायचं असेल तर टॅग न तोडता घरी स्वतःच्या गाडीवर बसून बघा, परत पाठवायचा दिवस लक्षात ठेवा.

कमरेच्या मागे पँटला जोडायची चेन असते, तिचा उल्लेख कुणी करत नाही. घसरताना जॅकेट वर सरकतं आणि कंबर सोलते. रायडिंग पँट आज घेणार नसाल तरी ही चेन असलेलं जॅकेट घ्या, पुढेमागे घ्याल.

9 हजारांची वाटणी मी अशी करेन: मेश जॅकेट सहा ते साडेसहा हजारांत, खांदा-कोपर लेव्हल 2 मिळालं तर तेच, दीड-दोन हजार पाठीच्या आर्मरला, उरलेल्यात रेन जॅकेट. जूनपर्यंत वेळ असेल तर रेन जॅकेट पुढच्या पगारात घ्या आणि पाठीचं आर्मर आज घ्या, उलट करू नका. ऑल-सीझनमध्ये याच 9 हजारांचा बराच भाग दोन अस्तरांवर जातो, तेवढाच कापड आणि आर्मरमधून कमी होतो.

धुण्याबद्दल बहुतेक लोक विचारत नाहीत आणि नंतर पस्तावतात, म्हणून आधीच सांगतो. चाकणची धूळ आणि घामाचं मीठ मिळून धागा आतून कापत जातो. महिन्या-दीड महिन्याने आर्मर काढून, सगळ्या चेन आणि व्हेल्क्रो लावून, बादलीत गार पाण्यात सौम्य लिक्विड साबण घालून बुडवा, मऊ ब्रशने घासा, पिळू नका. फॅब्रिक कंडिशनर नको. वाळवायला सावलीत रुंद हँगरवर, पंख्याखाली. गच्चीवर कडक उन्हात आठवडाभर राहिलेलं नायलॉन कमकुवत होतं. परत आर्मर घालताना डावं-उजवं आणि वरची बाजू बघा. कोपराची चकती उलटी घातलेली दर महिन्याला एक तरी जॅकेट माझ्याकडे येतं.

खरेदीला जाल तेव्हा सकाळी जाऊ नका. एसी शोरूममध्ये सगळीच जॅकेटं हलकी आणि गार वाटतात. दुपारी दीड-दोनला जा, चेन लावून पूर्ण घाला, आणि दुकानदाराला विचारून बाहेर उन्हात तुमच्या गाडीशेजारी दहा मिनिटं उभे राहा. तो नाही म्हणाला तर शेजारचं दुकान बघा.